जुना रिमोट वायरलेस करावा, की नवाच घ्यावा?

सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेला पाहुणे आले की आमच्याकडे टीव्हीपुढे बसायला जागा उरत नाही. यंदा भाचा त्या गर्दीतून पाणी प्यायला उठला, पाय वायरीत अडकला आणि पीएस टू (सोनीचा टीव्हीला जोडायचा जुना गेम कन्सोल) स्टँडवरून थेट फरशीवर. मशिन वाचलं, पण तेव्हापासून त्याचं एकच टुमणं: "मामा, ती वायर काढून टाका की." ते ऐकून शेजारचे काका कॅसेटवाला जुना टीव्ही गेम घेऊन आले: "का ओ, ह्याचं पण होतंय का?" वरच्या मजल्यावरच्या पोराकडे कॉम्प्युटरला लावायचा यूएसबी रिमोट होता. (खोक्यावर कंट्रोलर लिहिलेलं असतं, पण आमच्याकडे त्याला रिमोटच म्हणतात. मीही तेच म्हणतो.)

तिघांचा प्रश्न एकच, पण उत्तरं वेगळी निघाली. वायरीला दोन टोकं असतात, आणि लोक रिमोटाकडच्या टोकाचाच विचार करतात. बटण दाबल्याचं हवेतून पाठवणारा भाग रिमोटात लागतो, तसा ते झेलून मशिनला त्याच्या भाषेत सांगणारा भाग पलीकडेही लागतो. मोबाइलमध्ये, बहुतेक लॅपटॉपमध्ये ब्लूटूथ आयतंच असतं. जुन्या गेममध्ये नसतं. नव्या कन्सोलमध्ये असलं, तरी ते अनोळखी रिमोटाला आत घेत नाहीत.

त्याआधी एक साधी तपासणी. वायर नकोशी झाली आहे, की वायर तुटली आहे? बटणं मधूनच बंद पडत असतील तर बहुतेक वेळा वायर रिमोटात शिरते तिथे आतली एखादी तार तुटलेली असते. मल्टिमीटरच्या बजरवर एकेक तार तपासा, खराब तुकडा कापा आणि पुन्हा सोल्डर मारा. अर्ध्या तासाचं काम आहे. आखूड वायरीचा कंटाळा असेल तर एक्स्टेंशन लावा. वायरलेसच्या नादात असे धडधाकट रिमोट उघडून वाया गेलेले मी पाहिले आहेत.

आता काकांचा टीव्ही गेम. खरी मजा इथेच आहे. हे गेम म्हणजे निन्टेन्डो कंपनीच्या आठ बिटवाल्या मशिनची नक्कल. मूळ रिमोटात ४०२१ नावाची एकच चिप असते. मशिन इशारा देतं, चिप आठही बटणांची स्थिती एकदम टिपते आणि एकामागून एक पाठवते. सगळा कारभार पाच तारांवर चालतो: ५ व्होल्ट, ग्राउंड, लॅच (टिपायचा इशारा), क्लॉक (पाठवायचा ताल), डेटा (बटणांची स्थिती). नकलेत चिपऐवजी बहुतेक काळ्या डांबरासारखा ठिपका दिसतो, पण काम तेच. इतकं साधं असल्यामुळेच हा रिमोट घरी वायरलेस करता येतो.

मार्ग दोन. पहिला तयार किटचा. एटबिटडो कंपनीचं किट मिळतं: स्क्रू काढा, जुनी पट्टी बाहेर, बॅटरीवाली नवी आत. सोल्डर लागत नाही. पण ते मूळ निन्टेन्डो रिमोटाच्या मापाचं आहे. भोकं आणि बटणांच्या जागा जुळल्या तरच बसतं, आणि आपल्याकडच्या नकलांचं माप ज्याचं त्याचं वेगळं. काकांसाठी हा मार्ग पहिल्याच दिवशी बाद झाला.

दुसरा मार्ग ईएसपी३२ चा, म्हणजे प्रोग्रॅम भरता येणाऱ्या छोट्या ब्लूटूथवाल्या बोर्डाचा. बटणांखालच्या तांब्याच्या जागांवरून बारीक तारा काढून बोर्डाच्या पायांना जोडायच्या आणि बोर्डाला ब्लूटूथ गेमपॅड बनवणारा तयार प्रोग्रॅम त्यात भरायचा. आठ बटणं, आठ तारा, एक ग्राउंड. रिमोट लगेच मोबाइलवर दिसतो आणि माणूस हुरळून जातो. कॅसेटवाल्या गेमला मात्र त्याचा पत्ताच नसतो, कारण पलीकडचं टोक अजून झालेलं नाही. तिथे दुसरा ईएसपी३२ आणि त्यावर ब्लूटूथ रिमोटाचं म्हणणं जुन्या गेमच्या भाषेत सांगणारं ब्लूरेट्रो नावाचं मुक्त सॉफ्टवेअर. त्याला मूळ ईएसपी३२च हवा. त्याचीच एस३ किंवा सी३ ही भावंडं आणाल तर फसाल, त्यांच्यात जुन्या पद्धतीचं ब्लूटूथ नाही. शिवाय गेमचे सिग्नल ५ व्होल्टचे आणि बोर्डाचे पाय ३.३ व्होल्टचे, म्हणून मध्ये लेव्हल शिफ्टर लागतो.

गंमत अशी की मशिनच्या टोकाला ब्लूरेट्रो बसला की पीएस फोरचा किंवा निन्टेन्डो स्विचचा वायरलेस रिमोटही त्या जुन्या गेमवर चालतो. म्हणजे हातातला जुना रिमोट उघडायची गरजच उरत नाही. निव्वळ खेळायचं असेल तर मी हाच सल्ला देईन: मशिनच्या टोकाला काम करा, रिमोट तयार घ्या. जुना उघडायचा तो हाताला तोच हवा असेल तर. काकांना तोच हवा होता. त्यांच्या अंगठ्यानं झिजलेलं प्लास्टिक दुसऱ्या कुठल्या रिमोटावर मिळणार?

बॅटरीत मी स्वतः दोन संध्याकाळी घालवल्या. लिथियम सेल सरळ बोर्डाच्या ५ व्होल्टच्या पायाला जोडला. दिवा लागायचा, पण ब्लूटूथ सुरू झालं की बोर्ड रीसेट. कारण साधं होतं: बोर्डवरचा व्होल्टेज उतरवणारा रेग्युलेटर वाटेत एक व्होल्टच्या आसपास खातो, मग ३.७ व्होल्टच्या सेलमधून ३.३ उरणार कुठून? बॅटरीचा सॉकेट असलेला बोर्ड घ्या, हा घोळच होत नाही. चार्जिंगला टीपी४०५६ चं मॉड्यूल, तेही संरक्षण सर्किट असलेलं. ते येतं तेव्हा १ अँपिअरवर लावलेलं असतं, ५०० मिलीअँपिअर-अवरच्या चपट्या सेलला ते फार जास्त. त्यावरचा १.२ किलोओहमचा रेझिस्टर काढून ४.७ चा लावला की करंट अडीचशे मिलीअँपिअरवर येतो. ईएसपी३२ ब्लूटूथवर शंभरेक मिलीअँपिअर ओढतो, त्यामुळे असा सेल चार-पाच तास पुरतो. जास्त हवं असेल तर एनआरएफ५२८४० चा बोर्ड बघा, तो थोड्याच मिलीअँपिअरवर भागवतो.

आणि आपलं ऊन. लिथियम सेल चार्ज करण्याची वरची मर्यादा साधारण ४५ अंश. मे महिन्यात सोलापूरचा पारा बाहेरच त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर असतो, पत्र्याच्या खोलीत काय होत असेल ते सांगायला नको. चार्जिंग रात्री करा, रिमोट खिडकीत ठेवू नका, आणि सेल फुगलेला दिसला तर मोह सोडून काढून टाका. निन्टेन्डोनं २००२ मध्ये वेव्हबर्ड हा वायरलेस रिमोट काढला तेव्हा त्यात दोन साधे एए सेल घातले होते आणि थरथरणारी मोटर चक्क वगळली होती. बॅटरीपुढे कंपन्याही नमतात.

म्हणूनच भाच्याला सरळ सांगितलं, पीएस टूचा रिमोट उघडायचा नाही. त्यात दोन मोटरी, दोन अ‍ॅनालॉग दांड्या आणि दाब ओळखणारी बटणं. एवढं सगळं हवेतून पोचवायचं म्हणजे महिन्याचं काम. पोर्टात रिसीव्हर घालायचा २.४ गिगाहर्ट्झचा तयार रिमोट बाजारात मिळतो, तो आणला. स्वस्तातल्या रिमोटात बटणाचा दाब बहुधा कळत नाही. गाडीच्या गेममध्ये ते जाणवतं, कुस्तीत नाही.

यूएसबी रिमोटाला तर हातच लावू नका. त्याची चिप यूएसबीच बोलते. तिचं ऐकून ब्लूटूथवर पाठवायला रास्पबेरी पायच्या पिको डब्ल्यू किंवा झीरो डब्ल्यूसारखा बोर्ड, वर बॅटरी. इतक्या खर्चात डोंगलसकट (यूएसबीत घालायचा छोटा रिसीव्हर) वायरलेस रिमोट येतो. डोंगल निळ्या यूएसबी ३ पोर्टाला खेटून लावू नका, त्या पोर्टाचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झमध्येच मिसळतो. छोट्या एक्स्टेंशन वायरीनं तो टेबलावर आणा.

पीएस फोर, पीएस फाइव्ह, एक्सबॉक्सवाल्यांनी हा विषयच सोडावा. एक्सबॉक्स कन्सोल रिमोटाशी ब्लूटूथनं बोलतच नाही, त्याची स्वतःची रेडिओ पद्धत आहे. सोनीचे कन्सोल रिमोटाची ओळख तपासतात.

"वायरलेसनं उशीर होतो" हे निम्मं खरं. ईएसपी३२ चं ब्लूटूथ लो एनर्जी (कमी बॅटरी खाणारं ब्लूटूथ) लवकरात लवकर दर साडेसात मिलिसेकंदांनी बोलतं, आणि साठ फ्रेमच्या गेमची एक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंदांची. टीव्हीचा गेम मोड बंद असेल तर याहून जास्त वेळ टीव्हीच खातो. आधी तो चालू करा.

सामानाचं म्हणाल तर मल्टिमीटर, सोल्डर, रेझिस्टर आमच्या सोलापूरच्या नवी पेठेत मिळून जातं. नेमका ईएसपी३२ आणि चपटा सेल मी हुतात्मा एक्सप्रेसनं जाऊन पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणला, कारण सेल हातात घेऊन बघता येतो. एक शेवटचं: रिमोटाची दोन झाकणं बंद करताना स्क्रूचा खांब सेलवर येत नाही ना, ते आधी बघा. येत असेल तर खांब कापा, सेल दाबून बसवू नका.