सात रकान्यांची वही: सहा महिने वापरल्यावर

सीबीटीत, म्हणजे विचार आणि वागणं तपासून बदलणाऱ्या मानसोपचारात, 'थॉट रेकॉर्ड' म्हणतात ती ही. शंभर पानी वही आडवी धरायची आणि रकाने पाडायचे: प्रसंग, भावना (० ते १००), आपोआप आलेला विचार, बाजूचे पुरावे, विरुद्ध पुरावे, तोललेला विचार, पुन्हा भावनेचा आकडा. पाया मानसोपचारतज्ज्ञ आरन बेक यांनी १९६०च्या दशकात फिलाडेल्फियात घातलेला.

पहिला महिना बहुधा तिसऱ्या रकान्यात वाया जातो. तिथे 'घाबरलो' लिहिलं जातं. ती झाली भावना. विचार म्हणजे ज्याला पुरावा मागता येतो असं वाक्य: 'राजेंद्रनगरच्या मंडळात निवेदन करताना माझी बोबडी वळणार.' प्रश्नही नको. 'फजिती होईल का?' याचं आधी 'फजिती होईलच' करून घ्यावं.

इंदुरात सत्र हिंदीत झालं की वहीही हिंदीत लिहिली जाते आणि बोच निघून जाते. भीती मराठीत आली तर मराठीतच उतरवावी. समजावून सांगायला सत्राचा पाऊण तास आहेच. प्रसंगानंतर दोन शब्द मोबाइलवर टिपावेत, रात्री दहा मिनिटांत रकाने भरावेत. आठवडाभराचं रविवारी लिहिलं तर ती निव्वळ रचना होते.

८० चे ५५ झाले तरी नोंद जमली. शून्याचा हट्ट धरणारे लवकर वही सोडतात. आकडा हललाच नाही, तर बहुतेक वेळा वरवरचा विचार पकडलेला असतो. 'तसं झालं तर काय?' असं दोन-तीनदा विचारत खाली उतरावं.

वहीची खरी मर्यादा दीड-दोन महिन्यांनी दिसते: डोक्याला पटतं, पोटातला गोळा तसाच. तिथून पुढे प्रयोग. आधी भाकीत लिहायचं ('सगळे हसतील, ९० टक्के'), मग निवेदन करून यायचं आणि खरोखर किती हसले ते मांडायचं. हातात पाण्याची बाटली, शेजारी भाऊ असे आधार ठेवले तर प्रयोग फुकट, कारण मन श्रेय बाटलीला देतं.

ओसीडीत (नको ते विचार पुन्हा पुन्हा येणं आणि त्यापायी तीच कृती करत राहणं) मात्र ही वही जपून. पुरावे शोधणं हीच नवी खातरजमा होऊन बसते; तिथे एक्स्पोजर (भीतीला मुद्दाम सामोरं जाणं) आणि प्रतिसाद (खातरजमेची कृती) रोखणं हाच मुख्य भाग. नैराश्याने अंथरूण सुटत नसेल तर रकाने बाजूला ठेवून आंघोळ, वीस मिनिटं चालणं असं वेळापत्रक आधी, आणि मानसोपचारतज्ज्ञही.

दर पंधरा दिवसांनी पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरावी. गुणांची कमाल बेरीज २७, ती पाचाने उतरली तर फरक खरा. नवव्या प्रश्नाला, म्हणजे मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचाराला, शून्याखेरीज काहीही आलं तर पुढच्या सत्राची वाट पाहू नये. त्याच दिवशी थेरपिस्टला किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करावा.