स्ट्रिंग ऑफ पर्ल्स, स्ट्रिंग ऑफ हार्ट्स की बरोज टेल? लोंबणारं सक्युलंट घेण्याआधी

लोंबणारं सक्युलंट, म्हणजे पानांत-देठांत पाणी साठवणारं झाड, घ्यायचंय आणि या तिघांत गाडी अडकलीय, तर फोटो थोडा वेळ बाजूला ठेवा आणि दोनच गोष्टी बघा. जिथे कुंडी टांगणार तिथे कुंडीच्या वरच्या तोंडावर उजेड पडतो का, आणि तुम्ही पाणी विसरणारे आहात की सारखं घालणारे. माझं तर स्पष्ट मत आहे की दिसण्यावरून निवडलं की पर्ल्सच घरी येतं, आणि तिघांत सगळ्यात लवकर रुसणारं तेच आहे.

तिन्ही खाली लोंबतात म्हणून लोक एकाच पठडीत टाकतात पण त्यांची कुळं पूर्ण वेगळी आहेत आणि काळजीतला बराचसा फरक तिथूनच येतो. पर्ल्स हे दक्षिण आफ्रिकेतलं, झेंडू-सूर्यफुलाच्या कुळातलं झाड. शास्त्रीय नावात पूर्वी सेनेसिओ म्हणायचे, आता क्युरिओ म्हणतात, त्यामुळे लेबलवर दोन्हीपैकी कुठलंही नाव दिसलं तरी झाड एकच. हार्ट्स पण दक्षिण आफ्रिकेकडचीच, पण रुईच्या कुळातली, आणि त्यातही सेरोपेजिया म्हणजे आपलं कंदीलपुष्प ज्या गटात येतं त्याच गटातली. बरोज टेल, ज्याला डाँकी टेल पण म्हणतात, ते मेक्सिकोतलं सेडम, म्हणजे पानफुटीच्या कुळातलं.

आता उजेड, कारण बहुतेक झाडं इथेच हातची जातात. पर्ल्स टांगताना आपण बघतो ते खाली सुटलेल्या माळांकडे, आणि कुंडी छताजवळ इतकी वर लावतो की माळांना खिडकीचा उजेड मिळतो पण कुंडीचं तोंड अंधारात राहतं. मग वरची माती वाळायला खूप वेळ लागतो, माळांचे बुडखे ओलसर राहून कुजतात, वरून टक्कल पडायला लागतं आणि खालच्या माळा हिरव्यागार असल्यामुळे बरेच दिवस काही कळतच नाही. म्हणून पर्ल्स खिडकीच्या काचेच्या वरच्या कडेच्या खालीच टांगायचं, किंवा सरळ खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायचं म्हणजे उजेड वरून मातीवर पडेल. सकाळचं कोवळं ऊन चालतं, आवडतंच, दुपारचं कडक ऊन मात्र मणी, म्हणजे त्याची गोल पानं, भाजून काढतं. त्या प्रत्येक मण्यावर एक पातळ पारदर्शक रेघ असते बघा, ती नुसती नक्षी नाही, तिथून उजेड पानाच्या आत जातो. पान गोल असल्यामुळे पाणी कमी उडतं पण उजेड घ्यायला पृष्ठभागही कमी मिळतो, ती कसर ही रेघ भरून काढते. एवढी सोय असूनही अंधाऱ्या कोपऱ्यात ते टिकत नाही.

हार्ट्स कमी उजेडात मरत नाही, पण रूप पार बदलतं. दोन पानांमधलं अंतर वाढत जातं, पानावरची चंदेरी नक्षी फिकी पडते आणि शेवटी लांबलचक दोऱ्याला कुठेकुठे एखादं पान अशी अवस्था होते. चांगल्या उजेडात हीच वेल दाट भरते. गुलाबी-पांढऱ्या कडांची व्हेरिगेटेड जात घेणार असाल तर तिला अजून जास्त उजेड लागतो आणि वाढ पण हळू असते. बरोज टेलला तिघांत सगळ्यात जास्त ऊन चालतं, फक्त सावलीतून एकदम उन्हात नेऊ नका, हळूहळू सवय लावा. उजेड कमी पडला की शेपट्या बारीक आणि विरळ होतात, आणि विरळ झालेला भाग नंतर परत भरत नाही.

पाण्याचं बोलायचं तर ठरलेल्या वारी पाणी घालायची पद्धत तिघांनाही मारक आहे. माती वाळली की भरपूर घालायचं, खालच्या भोकातून निथळू द्यायचं, ताटलीत साचलेलं ओतून द्यायचं आणि पुन्हा वाळेपर्यंत हात लावायचा नाही. पण 'वाळली' म्हणजे किती यात फरक आहे. पर्ल्सची मुळं उथळ आणि बारीक असतात, त्याला महिनोन्महिने कोरडं ठेवलं तर ती मुळंच वाळून जातात आणि मग पाणी घालूनही मणी भरत नाहीत. मणी किंचित सुरकुतायला लागले की पाणी द्या, उलट ते मऊ, पिवळट, पाणीदार झाले असतील तर ताबडतोब थांबा. हार्ट्सला देठांवर आणि मातीत छोटे कंद असतात, त्यात साठा असतो म्हणून विसरभोळ्या माणसाकडे ती मजेत राहते. तिचं पान दोन बोटांत धरून हलकेच दुमडून बघा, टणक लागलं तर गरज नाही, सहज वाकलं तर तहान लागलीय. बरोज टेलच्या तर पानांतच इतकं पाणी असतं की कोरडेपणा ते सगळ्यात जास्त सोसतं, आणि थंडीच्या दिवसांत तर पाणी अगदीच कमी.

म्हणजे सारखं पाणी घालायची सवय असेल तर यातलं एकही झाड तुमचं नाही असं म्हणता येईल, पण घ्यायचंच असेल तर मातीची न रंगवलेली कुंडी घ्या, ती लवकर वाळते. मातीच्या मिक्समध्ये निम्म्याच्या आसपास परलाइट, प्युमिस (दोन्ही हलके सच्छिद्र खडे) किंवा जाडी वाळू असू द्या, नुसतं कोकोपीट नको, ते एकतर ओलं राहतं नाहीतर कडकडीत वाळून पाणीच घेत नाही. पर्ल्सला खोल कुंडी देऊ नका, उथळ पसरट बरी, कारण खालची माती मुळांशिवाय नुसती ओली बसून राहते. खताचं फार मनावर घेऊ नका, वाढीच्या दिवसांत अधूनमधून पातळ करून दिलं तरी पुरे.

बरोज टेलची खरी अडचण पाणी नाही, स्पर्श आहे. पडदा घासला, कुणाचा खांदा लागला, मांजराने पंजा मारला की पानं टपाटप गळतात आणि देठ उघडा पडतो. पानांवरचा तो पांढरट निळसर थर मेणाचा असतो, बोट लागलं की पुसला जातो आणि त्या पानावर परत येत नाही. शिवाय पाण्याने भरलेली पानं म्हणजे वजन आलं, जुनं झाड चांगलंच जड होतं, हुक मजबूत हवा. त्यामुळे जाण्यायेण्याची वाट असेल तिथे हे नकोच. गोल आखूड पानांचं बरिटो म्हणून त्याचं भावंड मिळतं, त्याची पानं जरा घट्ट धरून राहतात, मिळालं तर मी तेच घ्या म्हणेन. वाढीला मात्र बरोज टेल फार हळू, हातभर शेपट्या व्हायला वर्षं लागतात. हार्ट्स याच्या बरोबर उलट, एकदा रुजली की मीटरभर सहज जाते.

रोपं करायला तिन्ही सोपी आहेत पण पद्धत वेगळी. पानफुटीच्या कुळातलं असल्यामुळे बरोज टेलचं गळलेलं एकेक पान कोरड्या मिक्सवर नुसतं ठेवलं तरी मुळं धरतं. पर्ल्सचा सुटा मणी बहुतेक तसाच बसून राहतो, त्याला देठ हवा, म्हणून माळेचा तुकडा मातीवर आडवा ठेवून पेरं मातीला टेकवायची. हीच युक्ती टक्कल पडलेल्या कुंडीलाही लागू पडते, लांब माळा वर उचलून मातीवर वेटोळं करून ठेवा, काही आठवड्यांत वरून परत भरायला लागतं. हार्ट्सचा देठावरचा कंद मातीवर टेकवला, वेलीपासून न कापताही, की तिथूनच नवीन वेल निघते.

फुलांसाठी यातलं काही घेऊ नका, पण आली तर पर्ल्सच्या पांढऱ्या बारीक फुलांना दालचिनीसारखा वास असतो. हार्ट्सची जांभळट नळीसारखी फुलं तर छोट्या माश्यांना आत अडकवून ठेवतात आणि परागीकरण झाल्यावर सोडतात, जवळून बघण्यासारखी असतात.

घरात मांजर, कुत्रा किंवा सगळं तोंडात घालणारं बाळ असेल तर पर्ल्सचा विषय तिथेच संपवा. ते कुत्र्यामांजरांना विषारी आहे आणि लोंबणारे गोल मणी म्हणजे त्यांना खेळायचं आमंत्रणच. बरोज टेल आणि हार्ट्स बिनविषारी धरली जातात.

तर पहिल्यांदाच घेत असाल तर माझं मत हार्ट्सला. पर्ल्सचंच रूप मनात भरलं असेल आणि घरात प्राणी किंवा लहान बाळ नसेल तर आधी त्याच्याच क्युरिओ गटातलं स्ट्रिंग ऑफ बनानाज आणा, केळ्याच्या आकाराची पानं, वाढ जोरात आणि चुका बऱ्याच पोटात घालतं. ते वर्षभर नीट राहिलं की पर्ल्स आणायला हरकत नाही.

विकत घेताना माळांची लांबी बघू नका. वरून मातीपाशी बघा, देठ हिरवे आणि टणक आहेत का, पेरांत कापसासारखा मिलीबग आहे का. कीड दिसली तर ते रोप सोडून द्या, पर्ल्सच्या दाट माळांतून ती काढणं महाकठीण, आणि बरोज टेलवर अल्कोहोलचा बोळा फिरवला तर कीडीबरोबर मेणाचा थरही जातो. कुंडीत खाली भोक नसेल तर लवकरच बदलावी लागेल हे धरून चाला. आणि बरोज टेल उचलताना कुंडीत, ट्रेमध्ये जी पानं गळून पडलेली असतात ती विचारून सोबत घ्या, दुसरी कुंडी त्यातूनच होते.