राष्ट्रपती भवन: मुख्य इमारत बघावी की संग्रहालय?

दिल्लीत एकच सकाळ मोकळी असेल तर हा पेच पडतोच. दर्शनाचे तीन भाग आहेत: मुख्य इमारत, संग्रहालय आणि बाग. फुलांचा बहर असताना बागेचा विचार वेगळा करावा लागतो, एरवी निवड पहिल्या दोनांतच असते.

एकच दालन काळागणिक किती रूपं बदलतं, हे बघायचं असेल तर मुख्य इमारतीला तोड नाही. दरबार हॉलचंच बघा ना. व्हाइसरॉय आणि त्याच्या पत्नीची सिंहासनं इथे होती. १५ ऑगस्ट १९४७ च्या सकाळी नेहरूंच्या मंत्रिमंडळाचा शपथविधी इथेच झाला. १९४९ साली राष्ट्रीय संग्रहालय सुरू झालं तेही याच भवनात. पुढे ते जनपथावर गेलं, पण गुप्तकालीन बुद्धमूर्ती मात्र इथे राहिली. राष्ट्रपतींच्या खुर्चीमागे आज तोच बुद्ध शांत उभा आहे. पद्म पुरस्कार देतात ते याच दालनात. २०२४ पासून त्याचं नाव गणतंत्र मंडप.

शेजारचा अशोक हॉल, म्हणजे आताचा अशोक मंडप, मुळात नाचघर. जमीन लाकडी, खाली स्प्रिंगा. नाचणाऱ्यांचे पाय दुखू नयेत म्हणून केवढी ही काळजी! आता तिथे गालिच्यावर उभं राहून परदेशी राजदूत राष्ट्रपतींना अधिकारपत्रं देतात. मान वर केली की शिकारीला निघालेला इराणचा फतेह अली शाह दिसतो. ते चित्र चामड्यावर काढलेलं आहे. भोजनगृहाच्या भिंतींवर आता राष्ट्रपतींची तैलचित्रं आहेत.

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे हिरमोड होणार नाही. राजाजी, म्हणजे सी. राजगोपालाचारी, गव्हर्नर जनरल झाले तेव्हा व्हाइसरॉयचा प्रशस्त शयनकक्ष नाकारून ते छोट्या खोल्यांत राहायला गेले. राष्ट्रपती आजही त्याच बाजूला राहतात, आणि व्हाइसरॉयची दालनं परदेशी पाहुण्यांसाठी ठेवली आहेत. सगळ्या भवनात मला हाच बदल सर्वांत मोठा वाटतो, आणि नेमकी ती बाजू दाखवत नाहीत.

संग्रहालयाची गंमत निराळी. ते घोड्यांच्या तबेल्यात (२०१४) आणि मोटारींच्या गॅरेजांत (२०१६) उभं राहिलं, म्हणजे वापर बदलल्याचं उदाहरण ते स्वतःच आहे. बग्ग्या, मोटारी, राष्ट्रपतींना मिळालेल्या भेटी असं बरंच काही आहे, आणि हवं तिथे रेंगाळता येतं. मुख्य इमारतीत मात्र मार्गदर्शकाबरोबर गटाने पुढे सरकावं लागतं. झुंबराखाली जरा जास्त वेळ थांबावंसं वाटलं तरी चालत नाही.

लहान मुलं बरोबर असतील तर सरळ संग्रहालय गाठा. नाहीतर मुख्य इमारतच. मात्र ती नुसती बघण्याची वास्तू नाही, रोजच्या वापरातली आहे. सरकारी कार्यक्रम असला की दर्शन बंद राहू शकतं, म्हणून प्रवासाचं तिकीट काढण्याआधी दर्शनाची ऑनलाइन नोंदणी करून तारीख पक्की करा आणि मगच दिल्लीचा बेत आखा.