ईआरपी सल्लागारांची भरती करून देणारी सेवा : दीड वर्षाचा अनुभव

सॅप हे ईआरपी सॉफ्टवेअर, म्हणजे कारखान्याची खरेदी, साठा, उत्पादन आणि हिशेब एकत्र सांभाळणारी प्रणाली, बसवून देणारी पुण्यातली आमची कंपनी बेचाळीस माणसांची आहे आणि आमचे बहुतेक ग्राहक म्हणजे चाकण, भोसरी आणि रांजणगाव इथले, वाहनांचे सुटे भाग बनवणारे कारखाने. ग्राहक आम्हाला पैसे देतो ते समोर बसलेल्या सल्लागाराच्या जाणकारीचे. तो सल्लागार काम अर्ध्यावर असताना सोडून गेला, तर त्या कारखान्याविषयी महिनोन्‌महिने जमवलेली समजही त्याच्याबरोबर जाते. त्यामुळे गेले दीड वर्ष आम्ही केवळ ईआरपी क्षेत्रातली भरती करणाऱ्या एका संस्थेची सेवा घेत आहोत. काही तक्रारीही मांडायच्या असल्याने मी संस्थेचे नाव देत नाही. मात्र आमच्यासारख्या लहान कंपन्यांनी अशी सेवा घेताना काय तपासावे, हे या अनुभवावरून सांगता येईल.

सर्वांत आधी जे उत्तम आहे ते. यापूर्वी आम्ही नोकरीच्या पोर्टलवरून स्वतःच उमेदवार शोधत होतो. बायोडेटामध्ये दोन-तीन पूर्ण अंमलबजावण्या लिहिलेल्या असत आणि मुलाखतीच्या तिसऱ्या फेरीत कळे, की उमेदवाराने आजवर फक्त सपोर्टची तिकिटे, म्हणजे आधीच चालू असलेल्या प्रणालीतल्या तक्रारी, सोडवली आहेत. या संस्थेत प्राथमिक मुलाखत घेणारी माणसे स्वतः सल्लागार म्हणून काम केलेली आहेत, आणि हा फरक पहिल्याच महिन्यात जाणवला. एमएम मॉड्यूलच्या, म्हणजे सॅपमधल्या खरेदी आणि साठ्याच्या विभागाच्या, उमेदवाराला ते विचारतात, की जॉब वर्कसाठी, म्हणजे बाहेरच्याकडून काम करून घेण्यासाठी, पाठवलेला कच्चा माल सिस्टिममध्ये कुठे दिसतो आणि तो वर्षभरात परत आला नाही तर काय होते. पहिल्या भागाचे उत्तर, म्हणजे मूव्हमेंट टाइप ५४१ (मालाच्या अशा हालचालीचा सॅपमधला कोड) आणि माल बाहेर गेला तरी साठा आपल्याच नावावर राहणे, हे प्रशिक्षण वर्गातून आलेला मुलगाही देतो. दुसऱ्या भागासाठी मात्र जीएसटी कायद्याची तरतूद ठाऊक असावी लागते : मुदतीत परत न आलेला माल पाठवल्याच्या दिवशीच विकला असे धरले जाते आणि कर व्याजासह भरावा लागतो. भोसरीतले जुने स्टोअरकीपर अशा मालासोबत जाणाऱ्या चलानाला अबकारी कराच्या काळातल्या नियमावरून अजूनही ‘सत्तावन्न एफ फोर’ म्हणतात. तो शब्द ऐकून गोंधळून न जाणारा उमेदवार कारखान्यात पाय ठेवून आलेला आहे, एवढे आम्हाला तेवढ्यावरून कळते. बायोडेटाच्या कितीही पानांतून ते कळत नाही.

रुजू होईपर्यंतचा पाठपुरावाही चांगला आहे. आपल्याकडे नव्वद दिवसांचा नोटिस पीरियड सर्रास असल्यामुळे होकार देणे आणि हजर होणे यांत तीन महिन्यांचे अंतर पडते आणि त्या काळात उमेदवाराच्या हाती आणखी दोन ऑफर येतात. आमच्याकडे होकार दिलेल्या नऊ जणांपैकी सात जण रुजू झाले. त्याआधीच्या वर्षी हे प्रमाण निम्म्यावर होते. संस्थेने सुचवलेला उपाय अगदी साधा होता. होकार मिळाल्यावर पंधरा दिवसांच्या आत प्रकल्पप्रमुखाने स्वतः उमेदवाराशी बोलावे आणि त्याच्या वाट्याला येणाऱ्या कामाचा आराखडा त्याच्यासमोर ठेवावा. आपण कोणत्या ग्राहकाकडे आणि कोणासोबत बसणार हे ज्याला माहीत असते, त्याचे मन चार पैसे जास्त मिळतात म्हणून सहजी बदलत नाही, असे आम्हाला दिसले.

आता तक्रारी. मोबदला वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याच्या पगाराएवढा आहे आणि तो या व्यवसायात रूढच आहे. खटकते ती बदली उमेदवार देण्याची नव्वद दिवसांची हमी. सल्लागार कंपनीत नवा माणूस पहिले काही आठवडे बेंचवर, म्हणजे प्रकल्पाविना, असतो, नंतर ग्राहकाच्या गरजा समजून घेण्याच्या बैठकांना बसतो आणि त्याचा खरा कस लागतो तो गो-लाइव्ह झाल्यावर, म्हणजे ग्राहकाकडे नवी प्रणाली प्रत्यक्ष सुरू झाल्यावर, पहिल्या महिनाअखेरीस हिशेब बंद करताना. ही वेळ सहसा सहाव्या ते नवव्या महिन्यात येते, तेव्हा हमी केव्हाच संपलेली असते. याहून गंभीर गोष्ट अशी, की संस्थेनेच आमच्याकडे आणलेल्या एका सल्लागार मुलीला चौदाव्या महिन्यात त्याच संस्थेच्या दुसऱ्या शाखेतून फोन गेला. तिने तो आम्हाला सांगितला, हा तिचा प्रामाणिकपणा. आमच्या माणसांना हात न लावण्याची अट करारात फक्त बारा महिन्यांची होती आणि ती आम्ही नीट वाचली नव्हती, हे मान्य करतो. तरीही अशा फोनमुळे जो विश्वास जातो तो करारात लिहून परत येत नाही.

संस्थेने दिलेल्या नेमणूकपत्राच्या नमुन्यात, नोकरी सोडल्यावर वर्षभर स्पर्धक कंपनीत जाऊ नये असेही एक कलम होते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ पुढे असे बंधन टिकत नाही, म्हणून ते आम्ही काढून टाकायला लावले. ठरावीक काळ नोकरी न केल्यास वाजवी भरपाई मागणारा करार वेगळा. तो सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये एका बँकेच्या खटल्यात ग्राह्य धरला आहे. पण तोही आम्ही स्वीकारला नाही. मन उडालेला सल्लागार भरपाईच्या भीतीने ग्राहकासमोर बसून राहिला, तर त्याचा त्रास ग्राहकालाच होतो.

या सेवेतला मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग मुख्य करारात नव्हताच. तो वेगळे पैसे देऊन घ्यावा लागला. संस्थेच्या एका ज्येष्ठ व्यक्तीने आमच्या सव्वीस सल्लागारांशी एकेकट्याने बोलून, कोणाचेही नाव न सांगता, ते इथे का थांबले आहेत आणि कशामुळे जातील याचा अहवाल दिला. पगाराचा मुद्दा त्यात होता, पण पहिल्या क्रमांकावर नव्हता. दोन-तीन वर्षे एकाच ग्राहकाकडे सॅपच्या ईसीसी या जुन्या प्रणालीच्या सपोर्टवर बसलेली माणसे सर्वांत अस्वस्थ होती. सॅपची नवी प्रणाली एस/४ हाना २०१५ मध्ये आली आणि जुन्या ईसीसीच्या अलीकडच्या आवृत्त्यांची नियमित देखभालही २०२७ अखेर थांबवण्याचे सॅपने जाहीर केले आहे. म्हणजे आपण रोज करत असलेल्या कामाला तारीख लागली आहे हे त्यांना स्पष्ट दिसत होते, आणि त्यांची ही अस्वस्थता आमच्या लक्षातच आली नव्हती. दुसरी तक्रार शनिवार-रविवारच्या गो-लाइव्हनंतर बदली सुटी कागदावरच राहते ही होती, आणि तीही खरी होती.

त्या अहवालानंतर कोणालाही सलग अठरा महिन्यांहून अधिक काळ सपोर्टवर ठेवायचे नाही असे आम्ही ठरवले. हे सोपे नव्हते, कारण ग्राहकाला ओळखीचाच माणूस हवा असतो. दोन ग्राहकांशी मला स्वतः बोलावे लागले. बदली सुटी आता गो-लाइव्हच्या आराखड्यातच तारखेसह लिहिली जाते. हे सुरू केल्याला नऊ महिने झाले असून या काळात सपोर्टच्या गटातून एकच राजीनामा आला, तोही कौटुंबिक कारणाने.

करार आम्ही आणखी एका वर्षासाठी वाढवला आहे, मात्र अटी बदलून. मोबदल्याचा निम्मा भाग उमेदवार रुजू झाल्यावर आणि उरलेला नऊ महिन्यांनी द्यायचा, आमच्या माणसांशी संपर्क न करण्याची मुदत चोवीस महिन्यांची आणि ती संस्थेच्या सर्व शाखांना लागू. ही मागणी त्यांनी दोन बैठकांत मान्य केली, त्यामुळे इतरांनीही ती करून पाहावी. एफआय (हिशेब), एमएम आणि पीपी (उत्पादन नियोजन) यांसारख्या मॉड्यूलच्या सल्लागारांसाठी ही सेवा मी निःशंकपणे सुचवीन. एबॅप या सॅपच्या भाषेचे प्रोग्रामर किंवा बेसिसची, म्हणजे प्रणालीची तांत्रिक देखभाल करणारी, माणसे हवी असतील तर मात्र त्यांची निवड सामान्य आहे आणि त्या कामासाठी आम्ही अजूनही आमच्याच सल्लागारांच्या ओळखीतून माणसे घेतो.