झेंडावंदनानंतर रामायण

रविवारी, २६ जानेवारी २०२५ ला, शाळेतलं झेंडावंदन आटोपून घरी आले, पोहे केले आणि साडेबाराच्या खेळाला आम्ही चौघं थेटरात पोचलो. मी, सात वर्षांचा अर्णव, राहायला आलेली नणंदेची सई (ती अकरा वर्षांची) आणि अण्णा, म्हणजे माझे सासरे. चित्रपट होता 'रामायण: द लेजेंड ऑफ प्रिन्स राम'. जपानी आणि भारतीय कलाकारांनी मिळून केलेला, १९९२ सालचा, आणि ४के रूपात, म्हणजे जास्त स्पष्ट चित्रांत, २४ जानेवारीपासून पुन्हा पडद्यावर आलेला.

मी तो लहानपणी कार्टून नेटवर्कवर पाहिला होता. एकवीस इंची टीव्ही, मधेमधे जाहिराती, आणि आई ओट्याजवळून हाका मारतेय. तेवढ्या तुकड्यांवर माझं या चित्रपटावर प्रेम बसलं. पुढे मी नाशिकच्या एका शाळेत चित्रकला शिकवायला लागले त्यामागे बाकी कारणं होतीच, पण हनुमानाची ती उडीही होती.

त्या हिवाळ्यात मुलांना घेऊन थेटरात जायला निमित्तं भरपूर मिळाली. नोव्हेंबरच्या अखेरीस 'मोआना २' आला, २० डिसेंबरला 'मुफासा', आणि मग हा. तिन्ही आम्ही थेटरात पाहिले, म्हणून आधी त्या दोघांविषयी थोडक्यात सांगते.

'मोआना २' ही आधी घरी बघायची मालिका म्हणून ठरली होती, मग तिचा चित्रपट केला, आणि ते जाणवतं. नवी माणसं नावेत चढतात, त्यांची ओळख होते न होते तोच पुढचा भाग सुरू झाल्यासारखं वाटतं. समुद्र मात्र डोळ्यांचं पारणं फेडतो. अर्णवला मोआनाची धाकटी बहीण सगळ्यात आवडली. एकदा बघावा.

'मुफासा' आम्ही हिंदीत पाहिला. पुरात आईवडिलांपासून तुटलेलं पोर, त्याला भाऊ मानणारा टाका नावाचा छावा, आणि तोच टाका पुढे 'लायन किंग'मधला खलनायक स्कार कसा होतो, ही गोष्ट मुलांना चांगली भिडते. शाहरुख खानचा आवाज सिंहाला शोभलाय. पण आमच्या रांगेत हशा पिकला तो श्रेयस तळपदेंच्या टिमॉनवर आणि संजय मिश्रांच्या पुंबावर. मकरंद देशपांडेंचा रफिकी ऐकून अण्णा म्हणाले, "हा आपला माणूस दिसतोय." केस, पाणी, बर्फ सगळं हुबेहूब आहे. इतकं हुबेहूब, की चार सिंह एकत्र आले की कोण कुठला ते अर्णवला कळेना. दर पाच मिनिटांनी माझा दंड ओढून विचारायचा, "यातला मुफासा कुठला?"

रामायणात त्याने असा प्रश्न एकदाही विचारला नाही. पात्र ओळखू येतं ते रेघेवरून. रामाचे शांत डोळे, लक्ष्मणाच्या भुवयांतला राग, रावणाची रुंद छाती. वर्गात मी मुलांना नेहमी सांगते, चेहऱ्यावरचा प्रत्येक केस काढू नका, माणूस ओळखू येईल एवढीच रेघ काढा. चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसणाऱ्या माझ्या मुलांना हा चित्रपट दाखवता आला तर त्या एका मुद्द्यावर मला वेगळा तास घ्यावा लागणार नाही.

हे सगळं हाताने काढलंय. सुमारे ४५० कलाकार आणि सुमारे १ लाख चित्रं. पारदर्शक सेलवर, म्हणजे प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यावर, बाह्यरेषा, तोच सेल उलटा करून मागच्या बाजूने रंग, मग तो रंगवलेल्या पार्श्वभूमीवर ठेवून एकेक चौकटीचं छायाचित्र. पडद्यावरून सेकंदाला २४ चौकटी जातात. छोट्या टीव्हीवर यातलं काहीच हाती लागलं नव्हतं. मोठ्या पडद्यावर पार्श्वभूमीतल्या रंगांचा थर दिसतो, ब्रशचा ओघ दिसतो. एका प्रसंगात रानातल्या झाडाच्या बुंध्यावर हिरव्यावर तपकिरी रंग चढवलेला दिसला आणि मी नकळत पुढे सरकून बसले.

दुसरी गोष्ट म्हणजे हा चित्रपट थांबतो. हल्लीच्या मुलांच्या चित्रपटांत कॅमेरा सतत पळत असतो. इथे नदी आहे, पलीकडे डोंगर आहे, आणि काही क्षण तेवढंच. मुलाला बघायला वेळ मिळतो. वनवासातली पर्णकुटी दिसली तेव्हा अर्णवने अगदी हळू आवाजात विचारलं, "ही आपलीच पंचवटी का?" आम्ही राहतो तिथून काळाराम मंदिर चालत वीस मिनिटांवर आहे आणि सीतागुंफेच्या रांगेत तो माझ्या कडेवर बसून आलाय. अण्णांनी मान डोलावली. मग सोन्याचा मृग येईपर्यंत तो खुर्चीच्या कडेवर बसून राहिला.

सईला युद्ध आवडलं. कुंभकर्ण उठतो तो भाग खरोखर दांडगा आहे. एवढं मोठं शरीर हलतंय म्हणजे ते जड वाटायला हवं, आणि ते वजन चित्रकारांनी हातांनी आणलंय. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना त्राटिका आणि कुंभकर्ण यांची भीती वाटू शकते, तेव्हा त्यांना मांडीवर घेऊन बसा. लांबी सव्वादोन तासांची, मध्यंतर धरून अडीच. अर्णव शेवटच्या वीस मिनिटांत थोडा चुळबुळला, पण रावणाशी युद्ध सुरू झालं आणि पुन्हा स्थिर झाला.

हा चित्रपट घडला कसा, हेही मुलांना सांगावं. युगो साको हे जपानी दिग्दर्शक. १९८३ मध्ये ते भारतातल्या एका उत्खननावर माहितीपट करायला आले होते आणि तिथे त्यांना रामायण भेटलं. त्यांनी जपानीतली दहा रामायणं वाचून काढली. राम देव आहे, तो नटाने उभा करण्यापेक्षा चित्रात यावा, असं त्यांचं मत होतं. इथे आधी विरोध झाला, परदेशी माणसाने रामाचं कार्टून करू नये असं लोकांना वाटलं. सरकारनेही विषय नाजूक म्हणून अंग काढून घेतलं, आणि बरंचसं काम जपानमध्ये झालं. भारताकडून त्यात होते राम मोहन. जपानी चित्रकारांना इथली वेशभूषा, वास्तू, रीतिरिवाज समजावून सांगायची बाजू भारतीय मंडळींनी सांभाळली, आणि ती मेहनत पात्रांच्या बसण्याउठण्यात दिसते. कुणी परक्याने रामायण चितारलंय असं अडीच तासांत मला एकदाही वाटलं नाही.

राम मोहन हे नाव आमच्या शिक्षकवर्गाला माहीत असायला हवं. १९५६ च्या सुमारास फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागातून त्यांनी सुरुवात केली. युनिसेफसाठी 'मीना' ही कार्टूनमधली मुलगी त्यांनी घडवली, तीच मीना जिच्या नावाने आपल्या शाळांत मीना-राजू मंच चालतो. २०१९ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं. हा चित्रपट देशभरातल्या थेटरांत असा लागलेला बघायला ते हवे होते. साकोही २०१२ मध्येच गेले.

संगीत वनराज भाटियांचं आहे आणि चांगल्या ध्वनियंत्रणेवर ते भरून येतं. गीतरामायणावर वाढलेल्या अण्णांना सेतूच्या प्रसंगात डोळे पुसताना मी पाहिलं. १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ते पहिल्यांदा लागायचं तेव्हा अण्णा सहा वर्षांचे होते आणि गावात ज्याच्याकडे रेडिओ त्याच्या ओट्यावर सगळे जमायचे. घरी परतताना रिक्षात त्यांनी दोन्ही मुलांना ते सांगितलं.

आता तक्रारी. पहिली आवाजांची. जुन्या हिंदी आवृत्तीत अरुण गोविल राम होते आणि अमरीश पुरी रावण. या वेळी डबिंग नव्याने केलंय. नवे कलाकार स्वच्छ बोलतात, पण पुरींचा तो घशातून येणारा रावण ज्याच्या कानात बसलाय त्याला चुकल्यासारखं होईल. मला झालं.

दुसरी तक्रार मोठी आहे. चित्रपट हिंदी, तमिळ, तेलुगू आणि इंग्रजीत आणला, मराठीत नाही. हिंदी संस्कृताळलेली आहे. सईला कळली, अर्णवला निम्मी. मी कानाशी मराठीत सांगत राहिले आणि पुढच्या रांगेतल्या काकूंनी दोनदा मागे वळून पाहिलं. त्यांचं काही चुकलं नाही. ज्या राज्यात पंचवटी आहे, जिथे घराघरांत गीतरामायण गातात, तिथल्या पहिली-दुसरीतल्या पोराला ही गोष्ट त्याच्या भाषेत ऐकायला मिळायला हवी होती. मराठीत आवाज देणारे उत्तम कलाकार आहेत, रंगभूमी त्यांनी भरलेली आहे. वितरकांनी एवढा खर्च करून चित्रं उजळली, तर आणखी एक डबिंग अशक्य नव्हतं.

तिसरी तक्रार आम्ही गेलो त्या थेटराची. श्रेयनामावली सुरू होताच दिवे लावले आणि झाडूवाल्या ताई आत आल्या. त्यांना पुढच्या खेळाची घाई, त्यांना काय बोलणार. पण व्यवस्थापनाने चार मिनिटं द्यायला हवी होती. लाखभर चित्रं काढणाऱ्यांची नावं मला मुलांना वाचून दाखवायची होती. आम्ही उभं राहून जेवढी जमली तेवढी वाचली.

संध्याकाळी अर्णवने पारदर्शक कागद मागितला. वहीच्या कव्हरचं प्लॅस्टिक कापून दिलं. त्याने मार्करने हनुमान काढला, उलटा केला आणि मागून नारिंगी पोस्टर कलर भरला. प्लॅस्टिकवर रंग नीट धरत नाही, वाळल्यावर शेपटीचा पोपडा निघाला. मग रंगात दोन थेंब फेविकॉल घालून बघायचं ठरलं.

नाशिकमध्ये तेव्हा दिवसाला मोजकेच खेळ होते आणि आमच्या खेळाला जेमतेम पंचवीस माणसं होती.  पुन्हा कधी लागला तर मधल्या रांगेची तिकिटं काढा, आणि मुलांसाठी स्वेटर घ्या, आत एसी फार गार असतो.