उशीखालची थरथर: एका कानानं ऐकणाऱ्या आईचा बेबी मॉनिटर

माझा डावा कान लहानपणापासून बंद आहे. उजवा ठणठणीत आहे, पण उजव्या कुशीवर वळले की तो उशीत बुडतो. मग हातभर अंतरावरच्या पाळण्यात लेकीनं टाहो फोडला तरी मला पत्ता लागत नाही. नवऱ्याला आठवड्यातल्या तीन रात्री रात्रपाळी असते. बाळंतपणानंतरचे पहिले दोन आठवडे त्या रात्री मी पाठीवर ताठ पडून, मान न वळवता काढल्या. म्हणून बेबी मॉनिटर घेतला: बाळाजवळचं एक युनिट आवाज किंवा चित्र टिपतं आणि आपल्याजवळच्या दुसऱ्या युनिटवर पोचवतं. नऊ महिन्यांत तीन झाले, त्यातला तिसरा टिकला.

पहिला होता वायफायचा कॅमेरा, मोबाइलवरच्या अॅपला जोडलेला. चित्र फार सुंदर. इन्फ्रारेडमुळे मिट्ट काळोखातही तिची तोंडात घातलेली बोटं मोजता यायची. बाळ रडलं की मोबाइल थरथरायचा आणि मी जागी व्हायचे. एका पहाटे चारला मी आपोआप उठले. मोबाइल शांत होता. पाळण्यात मात्र ती रडून लालबुंद झाली होती, आवाज बसला होता. मोबाइलच्या बॅटरी सेव्हरनं मध्यरात्री अॅप बंद करून टाकलं होतं आणि ते बंद पडलंय हे सांगायला कोणीच नव्हतं. सेटिंगमध्ये जाऊन त्या अॅपला सूट दिली. पुढच्या अपडेटनंतर पुन्हा तेच. त्या रात्री मला कळलं की मॉनिटर घेताना विचारायचा पहिला प्रश्न चित्राचा नसतो. शांतता असेल तेव्हा बाळ झोपलंय की यंत्र मेलंय, हे मला कसं कळणार?

दुसरा घेतला तो स्वतःच्या स्क्रीनचा, इंटरनेट न लागणारा. त्यात थरथर होती, शांतता असली की स्क्रीन मालवायची आणि आवाज झाला की उजळायची सोय होती. मी खूश होते. मग एकदा कॅमेऱ्याचा प्लग ढिला होऊन निघाला. संपर्क तुटल्याचा इशारा त्या यंत्रानं इमानदारीनं दिला, पण फक्त बीप वाजवून. रडण्याला थरथर आणि बिघाडाला नुसता आवाज! नवरा सकाळी घरी आला तेव्हा ते माझ्या डोक्याशी वाजतच होतं.

1937 साली अमेरिकेत झेनिथ कंपनीनं 'रेडिओ नर्स' नावाचं यंत्र आणलं, त्याचा बाहेरचा आकार शिल्पकार इसामु नोगुची यांनी घडवला होता. बाळाच्या खोलीतला आवाज दुसऱ्या खोलीत ऐकवायचा, एवढंच त्याचं काम. ऐकणारा कान शाबूत आहे हे तेव्हापासून गृहीतच धरलंय, असं मला वाटतं.

आताचा तिसरा दिसायला अगदी साधा आहे. कॅमेरा नाही, फक्त आवाज. डेक्ट पद्धतीचा, म्हणजे बिनवायरच्या घरगुती फोनसारखा 1.9 गिगाहर्ट्झच्या आसपास चालणारा. मायक्रोवेव्ह आणि बरेचसे वायफाय 2.4 च्या पट्ट्यात असतात, त्यामुळे त्यांची लुडबुड याला होत नाही. माझ्याकडच्या युनिटवर पाच दिव्यांची ओळ आहे. आवाज वाढेल तसे दिवे वाढतात. तान्ही बाळं झोपेतसुद्धा कण्हतात, कुरकुरतात, हातपाय झाडतात. सुरुवातीला मी प्रत्येक कण्हण्याला उठायचे आणि तिलाही उठवून बसवायचे. मग संवेदनशीलता दोन पायऱ्या उतरवली. आता दोन दिवे म्हणजे कुरकुर, थांबायचं. चार-पाच दिवे टिकून राहिले की उचलायचं. कानानं जो फरक इतरांना कळतो, तो मला दिव्यांनी कळायला लागला, आणि याचा मला किती आनंद झाला ते सांगता येत नाही.

ती आमच्याच खोलीत झोपते. एकाच खोलीत दोन्ही युनिटं ठेवली की माइक आणि स्पीकर एकमेकांचं ऐकून कर्कश शिट्टी मारतात. म्हणून आवाज शून्यावर ठेवते. या मॉडेलमध्ये दिवे आणि थरथर तरीही चालू राहतात. घेण्याआधी हे तपासाच. आणि संपर्क तुटला किंवा बॅटरी उतरली तरी हा थरथरतो. बॅटऱ्या पुन्हा चार्ज होणाऱ्या, बदलता येणाऱ्या आहेत. उशीखाली चार्जिंगला मात्र मी कधीच लावत नाही, गरम होतं. ते काम दिवसा.

उणिवा आहेत. ती उठून बसली आहे की पडून रडतेय ते दिसत नाही. खोक्यावर छापलेली शेकडो मीटरची कक्षा मोकळ्या मैदानातली असते. दोन पक्क्या भिंती आड आल्या की दुपारी गच्चीवर संपर्क तुटतो. कॅमेरावालाच हवा असेल तर कंपनीनं घालून दिलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. आणि कुठलाही घ्या, वायर पाळण्यापासून निदान मीटरभर लांब हवी. रांगायला लागलेलं बाळ कठड्यातून हात घालून ती ओढतं आणि गळ्याभोवती गुंडाळी बसू शकते.

नाडी आणि ऑक्सिजन मोजणारे मोजे मी घेतले नाहीत. झोपेतल्या आकस्मिक मृत्यूपासून वाचवण्यासाठी अशा घरगुती यंत्रांवर विसंबू नका, असं अमेरिकन बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. तान्ह्या बाळाला पाठीवर, सपाट घट्ट गादीवर, उशी-खेळण्यांशिवाय निजवणं, याला यंत्राची गरज लागत नाही.

दुकानातून आणलंत की त्याच दिवशी एक करा. आपल्याकडचं युनिट उशीखाली ठेवा, डोळे मिटा आणि कोणाला तरी न सांगता पलीकडचा प्लग काढायला लावा. आमच्याकडे रात्रपाळीला निघताना नवरा रोज हेच करतो. थरथर जाणवली की मी हात वर करते, तो प्लग पुन्हा लावतो आणि दार हळूच ओढून घेतो. मग मी उजव्या कुशीवर वळते.