जबड्याच्या दुखण्याचं क्लिनिक, कोथरूड : चार स्टार

भाकरी चावताना कानाजवळ 'कट्' वाजायचं आणि जांभई अर्ध्यावर अडायची. आधीच्या एका दवाखान्यात सगळं खापर अक्कलदाढेवर फोडून ती काढली. दाढ गेली, दुखणं राहिलं.

इथल्या डॉक्टरबाईंनी आधी पट्टीने तोंड किती उघडतं ते मोजलं. २८ मिलिमीटर! साधारण ४० तरी हवं म्हणे. गाल-कानशिलाचे स्नायू दाबून पाहिले आणि हातात नऊ प्रश्नांचा कागद दिला. झोप, भूक, कशातच रस न वाटणं वगैरे. मी चिडलेच. "मॅडम, जबडा दुखतोय, डोकं ठीक आहे माझं." त्या म्हणाल्या, जबड्याच्या निदानाच्या २०१४ च्या आंतरराष्ट्रीय निकषांतच ही प्रश्नावली आहे. मन खचलेलं असलं की वेदना जास्त जाणवते, रेंगाळते. आणि रोजच्या वेदनेने मन आणखी खचतं. माझे गुण आले २७ पैकी १४. जितके जास्त गुण, तितकं मन जास्त खचलेलं. आई जाऊन आठ महिने झाले होते. हे मी त्या खुर्चीतच पहिल्यांदा बोलले.

रात्रीची स्प्लिंट (झोपताना दातांवर घालायचं कव्हर), गरम शेक, जबड्याचे व्यायाम आणि सोबत समुपदेशकासाठी चिठ्ठी. नैराश्याच्या काही गोळ्यांनी दात आवळले जातात, म्हणून गोळी सुरू झाली तर कळवा, हेही बजावलं. असं कोण सांगतं हो?

एक स्टार कापला तो वेटिंगसाठी. अपॉइंटमेंट घेऊनही दीड तास, आणि पंखा फक्त रिसेप्शनच्या डोक्यावर.

तीन महिन्यांनी ३८ मिलिमीटर. परवा कणीस खाल्लं, दाणे सोलून का होईना.